बनियनमधला पासपोर्ट

परदेशप्रवासाने माणसाचा माणसावरचा विश्वास वाढतो, असे मी अनुभवाने सांगू शकतो. व्हिएतनामच्या सहलीला आम्ही चाळीस जण होतो. पहिल्याच हॉटेलात टूर मॅनेजर म्हणाला, "सगळ्यांनी पासपोर्ट माझ्याकडे द्या, नोंद झाली की परत मिळतील." एकोणचाळीस जणांनी देवीपुढे ओटी ठेवावी तशा भक्तीने ते ठेवले. एका हसऱ्या, अनोळखी माणसाच्या हाती आपले घरी परतणे सोपवायला माझे मन होईना.

शिवाय माझा पासपोर्ट बाहेर काढणे सोपे नव्हते. आमच्या कर्जतच्या घरात जत्रेला निघताना पैसे बनियनच्या आतल्या खिशात घालून वरून टाके मारायची रीत आहे. विमानतळावरची तपासणी संपताच बायकोने पर्समधल्या सुईने पासपोर्टचे तेच केले होते, आणि तेही दुहेरी दोऱ्याने.

"अहो, द्या ना. त्याशिवाय खोलीची चावी मिळणार नाही," ती म्हणाली.

"आणि पळून गेला तर?"

आमच्याच गटातला साजगावचा एक कामगार मागून हसला. "काका, पळंल कुठं? चाळीस माणसं गळ्यात हायेत त्याच्या. आपल्याला घरी पोचवल्याबिगर त्याची सुटका नाय!"

सामान अजून बसमध्ये होते, त्यामुळे कात्री कोणाकडेच नव्हती. शेवटी मॅनेजरनेच खिशातून स्वतःचा नेलकटर काढून दिला. मी खांबाआड जाऊन टाके कापले, पासपोर्ट दिला आणि नोंद होईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.

पासपोर्ट दहा मिनिटांत परत मिळाला. नेलकटर अजून आमच्या कपाटात आहे.