दर तासाला थांबा

गाडीवाला प्रकाश परवा घरी आला आणि मी लिहून ठेवलेल्या कागदावर बोट ठेवून वाचायला लागला. वेरूळ, लोणार, ताडोबा. महिनाभर हौसेनं आखलेली सहल हो, माझी एकटीची. वाचता वाचता त्याचं बोट सारखं अडखळायला लागलं.

"काकू, हे दर तासाला थांबा कशाला? असं थांबत गेलो तर लोणारहून ताडोबाला पोचेपर्यंत काळोख होईल. जंगलाचं गेट तोवर बंद. आत खोली घेतलीय आणि आपण बाहेर डास मारत बसू."

मी कागद बघितला. खरंच की. हातानं आपोआपच लिहिलं होतं. आमच्या ह्यांचे पाय तासभर बसलं की सुजायचे. मग उतरायचं, त्यांनी झाडाखाली जरा फिरायचं, मी थर्मासमधला चहा ओतायचा. चाळीस वर्षं आम्ही रस्ते असेच मोजले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि माझे पाय तर अजून ठणठणीत आहेत.

माणूस गेल्यावर आपण कपाट आवरतो, कपडे देऊन टाकतो. पण त्याच्या पायांनी चालायची सवय कुणाला द्यायची?

"खोड सगळे," मी म्हटलं.

प्रकाशनं एकेक थांबा खोडला. मग पेन उघडंच धरून म्हणाला, "आता तुम्हाला कुठं थांबायचंय ते सांगा."

मी नकाशा पुढे ओढला, चष्मा पुसला. त्याचा चहा पिऊन संपला, तरी मला एकही जागा सांगता आली नाही.