कडुबाचा आवाज, सम्यकचा कान

सम्यक आणि रूपा पहिल्यांदा भेटले तेव्हा दोघांच्या मध्ये दौलताबादचा किल्ला होता. अगदी नेमकं सांगायचं तर रूपा किल्ल्याच्या वर होती आणि सम्यक खाली.

बजाजनगरच्या सभागृहात कंपनीच्या नाटकाची तालीम चालली होती. प्लायवूड, बांबू आणि गोणपाट यांचा किल्ला पेंटरनं इतका हुबेहूब रंगवला होता की खिडकीतलं एक कबुतर रोज येऊन जागा बघून जायचं. सम्यक नाटकातला कपटी कारभारी. त्यानं "हा किल्ला एक दिवस माझा होईल!" म्हणत बुरुजावर थाप मारली आणि किल्ला त्याच क्षणी त्याचा झाला. सगळाच, तटाबुरुजांसह, अंगावर. आवाज असा झाला की शेजारच्या कंपनीतले लोक शिफ्ट सुटली समजून बाहेर आले. दिग्दर्शक पुंजाराम सर, म्हणजे कंपनीचे स्टोअरकीपर, डोक्याला हात लावून ओरडत होते, "उचला रे, उचला! किल्ला फाटंल!" खालच्या माणसाचा उल्लेख कुणीच केला नाही.

तेवढ्यात आईच्या खाणावळीतून मंडळींचे डबे घेऊन रूपा आली. तिनं एका हातानं डबे धरून ठेवले आणि दुसऱ्या हातानं किल्ला उचलला. भल्याभल्या फौजांना जे जमलं नव्हतं ते या पोरीनं रश्श्याचा थेंब न सांडता केलं. सम्यकला आधी दोन चपला दिसल्या, मग चेहरा.

"मेला का?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग उठा की. रस्सा गार व्हायला लागलाय."

सम्यक सांगायचा, की तो त्याच क्षणी प्रेमात पडला. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मुका मार आहे, एक-दोन दिवस गरगरल्यासारखं होईल. सम्यकला पुढची काही वर्षं तसं होत राहिलं.

सम्यक सोयगावकडच्या एका खेड्यातला. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या काढायचा. दिवसभर त्या धाडधाडीत उभं राहून त्याला अर्धंच ऐकू यायचं, त्यामुळे तो स्वतः मात्र दुप्पट मोठ्यानं बोलायचा. याच गुणावर त्याला नाटकात घेतलं होतं. शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा कंपनीत तो एकटाच. पाठांतराच्या नावानं मात्र आनंद होता. स्वतःच्या लग्नात, रूपाशेजारी उभं राहून विहारात भंतेजींच्या मागोमाग म्हणायचं होतं तिथंही तो मध्येच थांबून इकडंतिकडं बघायला लागला होता.

तो बघत होता कडुबाला. कारण रंगमंचावर सम्यक जे काही बोलायचा ते आधी कडुबानं त्याच्या कानात बोललेलं असायचं.

कडुबा मेंटेनन्सचा माणूस आणि नाटकाचा प्रॉम्प्टर. विंगेत उभा राहून तो अशा बारीक आवाजात वाक्य सोडायचा की पहिल्या रांगेतल्या साहेबालाही कळायचं नाही, आणि प्रेसच्या आवाजानं बधिर झालेल्या सम्यकच्या कानात मात्र ते नेमकं जाऊन बसायचं. दोघांचं असं जमलं होतं की सम्यक विचार करायच्या भानगडीत पडतच नसे. कडुबा म्हणाला "हस", की हसायचं. "थांब", की थांबायचं. रंगमंचावर उभं राहून, हे वाक्य बरोबर आहे का, असा विचार करणारा नट मेलाच म्हणून समजा.

नाटक दर वर्षी तेच, कारण किल्ला एकदाच केला होता आणि दुसरं नाटक म्हणजे दुसरा खर्च. गोष्ट साधी आणि भयंकर. किल्लेदाराची बायको निर्मळ मनाची, पण कारभारी मत्सरानं त्याचे कान भरतो. म्हणतो, "मी काहीच म्हणत नाही, सरकार. आपण काही ऐकलं नाही असं समजा." किल्लेदार तिला वादळात किल्ल्याबाहेर काढतो, दार लावतो आणि सत्य कळल्यावर दार उघडतो तेव्हा ती उरलेली नसते. बाया दर वर्षी रडायच्या आणि सम्यकला बाहेर पडताना शिव्या खायला मिळायच्या. तो त्या प्रसाद मिळाल्यासारख्या घ्यायचा.

कडुबाला सगळ्या भूमिका पाठ. दर वर्षी तो पुंजाराम सरांकडं एक काम मागायचा, पहारेकऱ्याचं का असेना.

"कडुबा," सर म्हणायचे, "तू स्टेजवर आलास तर तुला प्रॉम्प्ट कोण करणार?"

सगळे हसायचे. कडुबाही हसायचा. सगळ्यात मोठ्यानं हसायचा सम्यक.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. किल्लेदाराच्या बायकोचं काम करणारी सोनिया बाळंतपणाला गेली आणि दुसरी बाई मिळेना. सरांनी रूपाला उभं केलं. किल्लेदार होता क्वालिटी खात्यातला गोकुळ, उंच, गोरा, सगळं प्रेम आरशावर असलेला. रूपा त्याला पहिल्या दिवसापासून "बुजगावणं" म्हणायची.

रूपाचं पाठांतर पक्कं. ती घरी भाकऱ्या थापताना सम्यककडूनही वाक्यं म्हणून घ्यायला लागली. चुकला की उलथनं. महिन्याभरात चमत्कार झाला. सम्यक तालमीत पहिला प्रवेश विंगेकडं एकदाही न बघता बोलला. टाळ्या पडल्या.

"आता मला रिटायर करता व्हय?" कडुबानं विचारलं.

"बायको केली ना, कडुबाभाऊ!" सम्यक गरजला. "फुल टाइम प्रॉम्प्टर! भाकरीसकट!"

सभागृह खदखदलं. कडुबाही हसला. त्याच्या हातातली संहिता त्या दिवशी उघडलीच गेली नाही.

पुढच्या आठवड्यात सम्यकची दुसरी शिफ्ट लागली. संध्याकाळच्या तालमी बुडाल्या. दुपारी कामावर जाताना गेटबाहेरच्या टपरीवर कडुबा भेटायचा आणि तालमीची खबर द्यायचा.

"वहिनींचं काम लई रंगलंय."

"व्हय ना! मीच शिकवलं," सम्यक म्हणाला. हे धादांत खोटं होतं.

"गोकुळ तर नुसता बघतच राहतो." कडुबानं कपात फुंकर मारली. "चांगलंच आहे म्हणा. नाटकाला पाहिजेच तसं. जाऊ दे. मी काहीच म्हणत नाय. तू काही ऐकलं नाय असं समज."

आता हे वाक्य सम्यकनं वर्षानुवर्षं स्वतः म्हटलं होतं, दाढी लावून, तिरका डोळा करून. दुसऱ्या अंकातलं, फक्त "सरकार" गाळलेलं. पण अंगावर अंगरखा नव्हता, समोर चहा होता, आणि आवाज तो होता ज्यानं त्याला आजवर एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. त्याला ओळखूच आलं नाही. ते सरळ कानात जाऊन बसलं.

रोज थोडं थोडं. "काल दोघं हसत होते, कशावर कुणास ठाऊक." "तू आहेस भोळा, म्हणून मला लागतं."

मग सम्यक पहिल्या शिफ्टला आला. एका सकाळी तो कामावर गेल्यावर कडुबा दारात उभा.

"वहिनी, घरी भांडण झालंय, द्वारका माहेरी गेली. एक डबा भरून देता का? आणि सम्यकला नका सांगू, लई खिजवंल मला."

रूपाला दया आली. तिनं भरीत आणि भाकरी भरून दिली. घरातले रोजचे डबे खाणावळीत गेले होते म्हणून तिनं कपाटातला तो खास स्टीलचा डबा काढला. लग्नानंतर सम्यकनं गुलमंडीवरून आणलेला, बुडाशी दोघांची नावं टाकून घेतलेला.

दुपारी कँटीनमध्ये सम्यकनं आपला डबा उघडला. समोर गोकुळनं उघडला. दोन्हींत भरीत.

"तुझ्याकडं पण भरीतच?" गोकुळ म्हणाला. "वांगी लई स्वस्त झाली वाटतं!" आणि झाकण पुसून त्यात आपला भांग बघितला. हा डबा त्याला कडुबानं दिला होता, 'द्वारकानं केलंय, खाऊन बघ' म्हणून. डब्याचं बूड बघणाऱ्यांतला गोकुळ नव्हता.

सम्यक गोकुळपुढचा डबा बघत होता. ते भरीत त्याला ओळखू येत होतं, तो डबाही. 'हा तर माझा डबा,' एवढं म्हटलं असतं तर गोकुळनं "कडुबानं दिला" असं सांगून पुढचा घास घेतला असता, आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण सम्यकला वाक्य सुचेना. आणि वाक्य सुचेनासं झालं की तो जे करायचा तेच त्यानं केलं. शेजारी बसलेल्या कडुबाकडं पाहिलं.

"आता काही बोलू नको," कडुबा पुटपुटला.

सम्यक बोलला नाही.

संध्याकाळी त्यानं रूपाला विचारलं, "आपला तो नावाचा डबा कुठंय?"

कडुबाला दिलेला शब्द रूपाला आठवला. "असंल की कपाटात," ती म्हणाली आणि भाजी ढवळत राहिली.

ज्या कामगार नाट्यस्पर्धेसाठी दर वर्षी हे नाटक बसायचं, ती तोंडावर आली होती. सम्यकनं आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तो इतक्या हळू बोलला की रूपाला पुन्हा विचारावं लागलं.

"काय म्हणालात?"

"तू आईकडं जा."

"का?"

"तुला माहितीय."

"मला नाय माहिती. सांगा ना. विचारा ना काय विचारायचंय ते!"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. रूपा बराच वेळ उभी राहिली. मग पिशवी भरून दोन गल्ल्या पलीकडं आईच्या, म्हणजे भामाबाईच्या, खाणावळीत गेली.

प्रयोग मात्र तिनं केला. मंडळींचं वर्ष बुडू नये म्हणून. त्या दिवशी सम्यकनं जन्मातलं सगळ्यात चांगलं काम केलं. त्याचा कारभारी बघून माणसं खुर्चीत मागं सरकली. गोकुळनं दार लावलं, रूपा वादळात गेली, पडदा पडला.

विंगेत सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. गोकुळ पिशवीतून डबा काढत कडुबाकडं आला. "घ्या भाऊ, रोज घरी विसरत होतो. वहिनींना सांगा, भरीत झकास होतं."

"कोणत्या वहिनींना?" रूपानं विचारलं. "ते भरीत मी केलं होतं. कडुबाभाऊंना दिलं होतं." आणि मग तिनं सम्यककडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला सगळं दिसलं, डबा, गोकुळ, भिंतीकडं केलेलं तोंड. "याच्यावरून?" ती म्हणाली. "एवढ्यावरून?"

सम्यकनं तोंड उघडलं. आणि सवयीनं, अजूनही, कडुबाकडं पाहिलं. कडुबा संहितेची पानं सारखी करत होता. त्याच्याकडं वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर सम्यकनं त्याची कॉलर धरली. कडुबानं सोडवून घेतली नाही.

"तुझा संसार मोडायचा नव्हता रे मला," तो म्हणाला. "इतकी वर्षं माझं वाक्य तुझ्या तोंडी. टाळ्या तुला, मला चहा. चालत होतं, लई चालत होतं. पण तू माझ्याकडं बघायचंच सोडलंस. मला वाटलं, पुन्हा एकदा बघशील." त्याचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. रस्त्यावरून ट्रक गेला तरी सम्यकला शब्दन् शब्द ऐकू आला.

कॉलर सोडून तो खाणावळीत गेला. रूपा पंगतीला वाढत होती. तिनं त्यालाही ताट वाढलं. तो जेवला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"डब्याचं मी खोटं बोलले, ते माझं चुकलं," रूपा म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं तर तिथंच खरं सांगितलं असतं. मी विचारा म्हणून उभी होते."

"आता विचारतो."

"आता मला सांगायचं नाय." तिनं पुढच्या ताटात भात वाढला. "कडुबाभाऊंचं ऐकलंत म्हणून नाय राग. त्यांचं तुम्ही कायमच ऐकता. पण मी समोर उभी असताना भिंतीकडं बघितलंत. उद्या अजून कुणी काही म्हणंल, तवा मी कितींदा असं उभं राहायचं?"

तो रोज जायचा. कधी धान्याची पोती उतरवून द्यायचा, कधी नुसताच बाकावर बसायचा. भामाबाई त्याला "बस बाबा" म्हणायची आणि रडायची. रूपा रडताना कुणाला दिसली नाही. ती त्याला वाढायची, पाणी द्यायची, तब्येतीचं विचारायची, एवढंच.

शेवटी रूपानंच परस्परसंमतीचा अर्ज पुढं केला, सम्यकनं सही केली आणि पुढच्या वर्षी घटस्फोट मिळाला. रूपानं नंतर चाकणच्या एका वेल्डरशी लग्न केलं.