वाफेवरचा भोपळा

सम्राटला लोखंडी भोपळा सुचला तो सुप्याच्या कारखान्यात, बॉयलरपुढे. दिवसभर प्रेशरच्या काट्याकडे बघणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतले वाघ-कोल्हे, परतताना भोपळ्यात बसून त्यांना दिलेली हूल ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही? सम्राटनं तिला वाफ दिली. भोपळा पोलादी पत्र्याचा, पोटात भट्टी, वर शिट्टी, वाघाचे जबडे पितळी. पुण्याच्या प्रकाशकानं बाड परत करताना विचारलं, "मुलांच्या गोष्टीत बॉयलर कशाला?" सम्राट भिंगारला घरी परतला आणि नगरच्या एका छापखान्यात स्वतःच पुस्तक छापायला टाकलं.

त्याला घाई होती. माधुरीचा, त्याच्या बहिणीचा, पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. यांच्या घरात अशा दिवशी भांडी वाटत नाहीत, पुस्तकं वाटतात. माधुरी पारनेरकडे सासरच्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले, आणि कागदावरही तेच चढलं. नवरा सख्ख्या आत्याचा मुलगा. बोंब मारायची ती कुणाच्या नावानं? आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हापासून त्यांची आई भागिरथी आपणहून बोलेनाशी झाली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की भिंतीकडे तोंड करायची. पोरगी जायच्या आधी ती थोडे दिवस तिच्याकडे राहून आली होती, एवढंच सगळ्यांना माहीत. तिचा जीव हलका व्हावा म्हणून सम्राटनं गोष्टीचा शेवट बदलला. जुन्या गोष्टीत म्हातारी लेकीकडे खाऊनपिऊन गुबगुबीत होते आणि एकटीच सुखरूप घरी येते; मागं राहिलेल्या लेकीचं काय झालं, हे जन्मात कुणी विचारत नाही. सम्राटच्या भोपळ्यात म्हातारीशेजारी लेकही बसते. शेवटच्या पानाच्या एका बाजूला निघालेला भोपळा थांबून लेकीला आत घेतो, दुसऱ्या बाजूला दोघी आपल्या दारात उतरतात.

स्मृतिदिनाच्या सकाळी टेम्पोतून गठ्ठे आले. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून सम्राटनंच तिला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं.

"खोटं लिवलंस," ती म्हणाली.

"आई, गोष्टच आहे ती."

"मी निगाले तवा पिशवी भरून माधुरी माज्या आदी येष्टीत जाऊन बसली हुती. मला ने म्हन्ली. मीच हाताला धरून खाली उतरवली. म्हन्लं, आत्याचं घर हाय, चार लोक काय म्हनतील? गाडी हालली तरी तितंच उबी." तिनं पुस्तकातल्या भोपळ्यावर बोट ठेवलं. "भोपळ्यात जागा हुती रं, सम्राट. लई जागा हुती. मीच न्हाई बसू दिली."

सम्राटला तिची चीड आली. इतकी, की हातातलं पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. तुझा काय दोष, असं म्हणायला हवं होतं. त्यानं नुसतं पुस्तक मिटलं.

"त्ये पान काड," आई म्हणाली.

"सगळ्या पुस्तकांत आहे ते."

"मंग सगळ्यांतलं काड."

मायलेक पानं फाडत बसले. मांडव घालणारे आत डोकावले, एकमेकांकडे बघून बाहेर गेले. आईला पुस्तकाची सवय नव्हती, पण ती एकेक पान जपून, शिवणीलगत फाडत होती.

दुपारी वंदना झाली, पंचशील झालं. भागिरथीनं रंगीत कागद सोडून पुस्तक सगळ्यांना दाखवलं, हेच प्रकाशन. मग प्रती वाटल्या. पहिल्या रांगेत लंकाबाई डोळ्याला पदर लावून बसली होती. तीच सम्राटची आत्या, तीच माधुरीची सासू. पुस्तक चाळता चाळता ती शेवटच्या चित्रापाशी अडली. भोपळा शिट्टी फुंकत निघालेला, लेक सासरच्या दारात उभी.

"वयनी, याचं शेवटचं पान फाटलंय गं. दुसरं दे."

"समद्याचंच तसं हाय, आक्का. म्याच फाडलं." भागिरथीचा आवाज मांडवाच्या टोकाला गेला. "पोरगी घरी आलीच न्हाई. तुमच्या दारात म्या सोडली. तितनं हिरीपतूर तुमी नेली."

माणसं मांडीवरच्या पुस्तकांकडे बघत राहिली. लंकाबाई उठली आणि चपला शोधू लागली. तिला कुणी थांब म्हटलं नाही.