सखुबाईने धुतलेला पाय

आमच्या वर्सोव्यात फ्लॅट दाखवणारा दलाल गॅलरीत उभा राहतो, समुद्राकडे हात करतो आणि म्हणतो, "मॅडम, एरिया एकदम सेफ." त्या माणसाला एकदा मासळी बाजारात नेऊन सखुबाईच्या शेजारी खाली बसवावं असं मला फार वाटतं. तिथून एरिया कसा दिसतो ते त्यालाही कळेल.

तीस वर्षं मी सखुबाईकडून मासे घेते आहे. ती बुटक्या पाटावर बसते आणि गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे माणसं ती पायांवरून ओळखते. मी चौघींच्या मागे असले तरी मान वर न करता म्हणायची, "वसुधाताई, पापलेट शिळा हाय, कोलंबी घे." हात तर असा की तिच्या कोयत्याखालून निघालेल्या सुरमईच्या तुकड्यांत डावं-उजवं करता यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, सकाळी सहाच्या सुमाराला ती धक्क्यावरून मासळी घेऊन बाजाराकडे निघाली होती. मागून मोटरसायकल आली. हेल्मेट घातलेल्या माणसाने तिच्या गळ्यातल्या मोहनमाळेला हात घातला. माळ सासूची होती. सखुबाईने ती सोडली नाही, म्हणून त्याने तिलाही दहा-बारा पावलं फरफटत नेलं. शेवटी माळ तुटली आणि तो पळाला. सखुबाईचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, पण मूठ काही पुन्हा वळली नाही. कोयता कायमचा सुटला. तेव्हापासून ती फक्त भाव सांगायची आणि तुकड्या शेजारची कुंदा करून द्यायची.

जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला ती म्हणाली, "मना तोंड नाय दिसलं. चपलेतला पाय दिसला. उजव्या घोट्यावर चटक्याचा डाग, रुपायाएवढा. आन् करंगळी बाजूच्या बोटावर चढलेली."

हवालदार हसला. "मावशी, आता मी काय चपलांच्या दुकानात जाऊन बसू?"

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस 'बाहेरून आलेल्या लोकांना' यथेच्छ शिव्या घालून झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुड मॉर्निंगची फुलं सुरू झाली.

सखुबाई मात्र शोधायला लागली. देऊळ असो, पूजा असो, बारसं असो की कुणाचं तेरावं, जिथे माणसं चपला काढतात तिथे ती दाराशी जाऊन बसायची. कधीच देवधर्म न करणाऱ्या या बाईने त्या वर्षी एकही सत्यनारायण चुकवला नाही. तो सापडला तर काय करणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "माझा हात गेला. त्याचं तोंड जायला पायजे. चार मान्सांत."

यातच तिच्या एकुलत्या एक मुलीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. मुलगा कांदिवलीचा, कृणाल. आई जखमी झाल्याचं समीक्षाने फोनवर सांगताच हा हॉस्पिटलात धावत आला होता. तोवर घरच्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. औषधं आण, रिक्षा आण, सगळं त्याने केलं. सखुबाईला पहिल्या दिवसापासून 'आई' म्हणायला लागला आणि ती विरघळली. एकच गोष्ट होती. तो घरात बूट काढायचा, मोजे कधीच काढायचा नाही. टाचा फुटल्यात म्हणून लाजतो, असं समीक्षा सांगायची.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी बांगडे घ्यायला गेले होते. सखुबाई कौतुकाने सांगू लागली, "जावई म्हनतो, मांडवात पाय धुवायचा कार्यक्रम नको. आईनं माझ्या पायाला हात लावलेला चालनार नाय."

"किती संस्कारी मुलगा गं," मी म्हणाले.

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. मग तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्या पायांकडे न बघता सरळ तोंडाकडे बघितलं.

"माळ गेली त्या दिवशी आमचा रस्ता खोदलेला," ती सावकाश म्हणाली. "मी मागच्या गल्लीनं गेले. आदल्या संध्याकाळी समीक्षेलाच तेवढं बोलले होते." मग म्हणाली, "ताई, कोनाला बोलू नको."

मी बोलले नाही. त्याबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

लग्नाआधी ती चौकीत जाऊन त्याच हवालदाराला हाताने पत्रिका देऊन आली. लग्नाच्या दिवशी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं. वऱ्हाड आलं. कृणालला पाटावर बसवून समोर पितळेची परात ठेवली. तो "आई, राहू द्या ना" म्हणत होता, पण नवरीचा बाप महादू ऐकेना. जावयाचे पाय धुवायचेच म्हणून त्याने लाडाने स्वतःच कृणालचे मोजे ओढून काढले आणि तांब्या उचलला.

महादू पाणी घालत होता. सखुबाईने त्या मोडक्या हाताने उजवा पाय शांतपणे धुतला, पदराने पुसला, बोटं एकेक करून वेगळी केली. करंगळी पुन्हा शेजारच्या बोटावर चढली. मग तिने डाव्या हाताने तो चटक्याचा डाग असलेला घोटा पकडला. बर्फातले मासे उपसणारा हात तो, त्यातून कोण सुटणार.

"साहेब," ती आवाज न चढवता म्हणाली, "चपलांच्या दुकानात जायची गरज नाय. हा पाय बघा."

मांडवातल्या तीनशे माणसांनी तो पाय बघितला. कृणाल आधी हसला, मग झटापट करू लागला, मग रडला. माळ कुठे विकली तेही त्याने तिथेच सांगितलं. हवालदाराने मान खाली घालून त्याला उठवलं, अनवाणीच नेलं. मला इतकं गार वाटलं की मी दुसरं सरबत मागून घेतलं.

समीक्षा मुंडावळ्या बांधून आतल्या दारात उभी होती.

"आई, तुला कधीपासून ठाव होतं?"

"आठ दिस."

"मग मला का नाय सांगितलंस?"

सखुबाई परातीतलं पाणी ओतत होती. म्हणाली, "तू त्याला सांगितलं असतंस."

समीक्षाने मॉलमधली नोकरी सोडली. आता पाटावर तीच बसते. तुकड्या जाडबारीक होतात, गिऱ्हाईकं कुरकुरतात, तिची बोटं कापतात. सखुबाई मागे बसून बघत असते, पण कोयता कसा धरायचा ते तिला अजून एकदाही सांगितलेलं नाही.