विचारून नेलेलं पाणी

जमिनीचा एजंट व्हायचं मी ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर हे काम टपरीवर बसून, गाडीची किल्ली बोटावर फिरवत करायचं असतं अशी समजूत. त्यात मी बाई, चाळिशी ओलांडलेली आणि तापट. नवरा म्हणाला, गिऱ्हाईक जागा बघायला येईल आणि तुझ्याशी भांडून परत जाईल. मी म्हटलं, बघू. आता एजंटांना परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. सावंतवाडीला एक वकील त्यासाठी शनिवारी वर्ग घेत, तिथे मी नाव घातलं.

धामापूरमार्गे कुडाळला जाणारी एसटी, पुढे दुसरी. त्या प्रवासात माझी नजरच बदलली. इतकी वर्षं खिडकीतून मला माड, फणस, कलमं दिसायची. आता हिस्से दिसायला लागले. ही पडकी पडवी कुणाकुणाच्या सामाईकात असेल, त्या बागेत कूळ लागलं असेल का, हा कुंपणाचा गडगा हद्दीवर आहे की एक हात आत सरकवलाय. शेजारी बसलेल्या बाईला मी असं काहीतरी बोलून दाखवलं, तर तिने पिशवी घट्ट धरली.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढाच जमिनीचा कायदा मला ठाऊक होता. सरांनी पहिल्याच शनिवारी तो मोडीत काढला. मालकी म्हणजे एक अखंड वस्तू नव्हे, ते म्हणाले, ती हक्कांची मोळी आहे, आणि त्यातली एकेक काठी वेगळ्या माणसाच्या हातात असू शकते. जमीन एकाची, तिच्यातला आंबा दुसऱ्याचा, कसणारा तिसरा, जायची वाट चौथ्याची. मी थक्क झाले. आमच्या वाडीत हे असंच होतं की! दुसऱ्याच्या परड्यातल्या आमच्या फणसावर आम्ही लहानपणी हक्काने चढायचो. आपण ज्याला नुसती रीत म्हणत होतो त्याला कायद्यात जागा आहे, हे कळल्यावर परतीच्या एसटीत मला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. त्या दिवशी शेजारी कुणीच बसलं नाही.

मग एका शनिवारी विहिरीचा धडा आला. सर म्हणाले, शेजारच्या विहिरीचं पाणी तुम्ही उघडपणे, कुणाची आडकाठी नसताना, आपला हक्कच आहे अशा रीतीने वीस वर्षं नेलंत, तर तो वहिवाटीचा हक्क होतो. जमीन विकली तरी तो पुसला जात नाही. पण तेच पाणी मालकाला विचारून नेलंत, तर ती नुसती परवानगी. कितीही वर्षं विचारत राहा, परवानगीचा हक्क होत नाही. मालक ती कधीही काढून घेऊ शकतो आणि नव्या मालकाला ती बांधत नाही.

मी उभी राहिले. म्हणजे न विचारता नेणाऱ्याला हक्क आणि विचारून नेणारा उपरा, हा कुठला न्याय, असं चढ्या आवाजातच विचारलं. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, शेजारधर्म म्हणून कुणी पाणी दिलं, तर तो चांगुलपणा उद्या त्याच्याच गळ्यात पडू नये, एवढंच कायदा बघतो. नाहीतर कोण कुणाला पाणी देईल? मी खाली बसले. एका वाक्यात दोन्ही घरांची बाजू सांगणारं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पण मनातून काकी जाईनात. काकी म्हणजे आमच्या वाडीतल्या, माझ्या मामाच्या शेजारच्या. मामा-मामी जाऊन बरीच वर्षं झाली, घर बंद होतं, आणि त्यांची एकुलती मुलगी, माझी ताई, डोंबिवलीहून येऊन ती जागा विकायला निघाली होती. गिऱ्हाईक खूप वाट बघून मिळालं होतं, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ. मी शिकतेय हे कळल्यावर, घरचं काम म्हणून कागद तू बघ, असं ताई म्हणाली. सातबारा बघितला, वारसनोंद बघितली, बिनशेतीचा आदेश बघितला. सगळं चोख. पुणेकरांना जागेभोवती चिऱ्याचा गडगा आणि कुलपाचं फाटक हवं होतं. विहीर त्या गडग्याच्या आत जाणार होती.

काकींची स्वतःची बाव, म्हणजे विहीर, समुद्राकडच्या अंगाला. शिमगा सरला की तिचं पाणी मचूळ होतं, भातसुद्धा खारट लागतो. मामाच्या बावीचं पाणी मात्र ऐन वैशाखात गोड. लग्न होऊन आल्यापासून काकी प्यायचं पाणी तिथूनच नेत, आणि एकटीने राहणाऱ्या त्या बाईला लांबून पाणी आणणं आता जमणारं नव्हतं. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं: काकी विचारून नेत होत्या की न विचारता? मी त्यांच्याकडे गेले ती, न विचारता असं त्यांनी म्हणावं, ही आशा धरून.

"विचारल्याशिवाय दुसऱ्याचा पाणी कसा न्हेऊचा गो?" काकी म्हणाल्या.

वकिलांसमोर हे बोलू नका, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते गिळलं. ते सांगून त्यांना कळलंही नसतं.

खरेदीखताचा मसुदा सरांनीच केला होता. शेवटचं बोलणं जागेवर करू म्हणून आम्ही सगळे मामाच्या बंद घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जमलो: सर, ताई, पुणेकर आणि मी. सरांनी मसुदा वाचला. चतुःसीमा झाल्या, पूर्वेस अमुक, पश्चिमेस काकींचं परडं. मग ते शब्द आले, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह." एका दमात गवताच्या काडीपासून जमिनीत पुरलेल्या धनापर्यंत सगळं हातातून हातात जातं. आणि त्यात पहिलं जल. मी न राहवून काकींची गोष्ट सांगितली. पुणेकरांचा चेहरा पडला. त्यांना जागा निर्वेध हवी होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

काकींना बोलावलं. त्या पदर खोचून आल्या, पायरीवर बसल्या. सर नेहमीच्या शांतपणाने विचारत गेले. कधीपासून नेता? लग्न करून आल्यापासून. विचारून? होय तर, रोज. पुणेकरांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मला त्यांचा राग आला. मग सरांनी सहज विचारलं, घर बंद झाल्यावर कुणाला विचारायचात?

काकी म्हणाल्या, अजून विचारते. बावीच्या काठावर उभं राहून, पाणी न्हेतंय, म्हणून सांगायचं आणि मगच कळशी सोडायची. पण कुणाला, सरांनी पुन्हा विचारलं.

"जाग्याक," काकी म्हणाल्या. "माणसा येतत, जातत. जागो आसा मां."

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण त्याला न सांगता त्या जागेतली वस्तू कुणी उचलत नाही. मालकाने सुद्धा विहीर खणण्याआधी त्याला गाऱ्हाणं घालायचं असतं. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं, पण त्या खळ्यात बसून ऐकताना मी कायद्याचा धडा आणि काकींचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून बघितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. मालकाला विचारलं तर परवानगी, ते म्हणाले. जागेला विचारलं तर काय, हे मी कुठल्या निकालात वाचलेलं नाही. कदाचित हा हक्कच असेल आणि विचारणं नुसती रीत असेल. कोर्टात गेलं तर इकडेही जाईल, तिकडेही. पण शहाण्याने ती पायरी चढू नये. तेव्हा एकच सरळ उपाय, ताईने विकतानाच काकींचा पाण्याचा आणि वाटेचा हक्क खरेदीखतात राखून ठेवायचा.

पुणेकर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, मी त्यांना कधीच अडवणार नाही, पण कागदावर बोजा कशाला? आणि मग, मला वाटतं प्रामाणिकपणेच, काकींकडे वळून त्यांनी विचारलं, "समजा, उद्या मी नाही म्हटलं, तर तुम्ही काय कराल?"

"मगे नाय," काकी म्हणाल्या. "बाव तुमची."

त्यात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. पुणेकर मोकळे होऊन हसले. म्हणाले, बघा, यांचं काही म्हणणंच नाही, मग लिहायचं कशासाठी?

ताई तोवर घड्याळाकडे बघत होती. परतीचं तिकीट काढलेलं, सोसायटीत सगळ्यांना जागा विकल्याचं सांगून झालेलं. वकिलांशी, पुणेकरांशी ती सकाळपासून शुद्ध मराठीत बोलत होती. आता ती उठली आणि मालवणीत बोलली.

"म्हणानच लिवक व्हया. भांडणारो आपला पाणी आपण घेता. ही घेवची नाय." मग सरांना म्हणाली, "हक्क म्हणान लिवा. तसा नको आसात तर माका जागा इकूची नाय."

पुणेकर उठून विहिरीपर्यंत गेले, आत वाकून बराच वेळ बघत राहिले. परत आले ते थेट काकींसमोर. गडग्यात वाट किती रुंद सोडू, त्यांनी विचारलं.

काकींना फूट-इंच सांगता येईना. त्या घरी जाऊन भरलेली कळशी कमरेवर घेऊन आल्या आणि हद्दीवर उभ्या राहिल्या. ताईने त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक चिरा ठेवला, कोपर लागू नये म्हणून एक जरा बाहेर सरकवला. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला मी वाकले तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि आकडा मला वाचता येत नव्हता. सरांनी तो वाचला. खरेदीखतात तेवढीच वाट लिहिली गेली.