वीस-पन्नासचं ऑइल आणि न वापरलेली परात

आमच्या व्हॅनच्या इंजिनात कोणतं ऑइल घालावं, यावर मी आठ दिवस अभ्यास केला. (एवढा अभ्यास कॉलेजात केला असता, तर आज अठरा वर्षं जुनी व्हॅन वापरावी लागली नसती.)

कारण गंभीर होतं. भर एप्रिलमध्ये भाचीचा साखरपुडा, तोही सासवडला. म्हणजे वाटेत दिवे घाट. आणि सुषमानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांसमोर जाहीर केलं होतं, "या वेळी वाटेत बंद पडली, तर सोमवारी भंगारात!"

मी वहीत तक्ता केला. उन्हानं ऑइल पातळ होतं, झिजलेल्या इंजिनाला दाट ऑइल मानवतं. सबब पातळ दहा-तीस बाद, दाट वीस-पन्नास पसंत! तरी खात्री करावी म्हणून नारायण पेठेतलं ऑइलचं दुकान गाठलं.

"जुनी व्हॅन आहे. उन्हाळ्यात दहा-तीस बरं की वीस-पन्नास?"

"गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"दोन्ही चालतं."

"मग मला कशाला विचारताय?"

"नाही, आपलं मत..."

"माझं मत, काउंटरवरचं कोपर काढा. मागे गिऱ्हाईक उभं आहे."

वीस-पन्नासचा तीन लिटरचा कॅन घेऊन आलो.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं, तोच गॅलरीतून आवाज आला. "अहो! त्या घाणेरड्या तेलासाठी माझ्या परातीला हात लावायचा नाही!"

परातीचा इथे काय संबंध? काही कळेना. पण घरात शांतता राहावी म्हणून ओरडलो, "नाही लावत!" आणि खरंच लावला नाही. सरळ झाकण उघडून तीनच्या तीन लिटर ओतलं. ऑइल मोजायची दांडी बुडवून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! म्हटलं, असू दे. घाट आहे, भरपूर बरं.

रविवारी निघालो. हडपसर येईतो सुषमा म्हणाली, "गाडी जरा कण्हतेय का?"

"दाट ऑइल आहे. संरक्षण!"

घाटाच्या पायथ्याशी त्या संरक्षणाचा मागे एवढा धूर झाला, की एक दुचाकीवाला शेजारी येऊन विचारू लागला, "काका, डासांची फवारणी का?"

रस्त्याकडेला गॅरेज दिसलं. मेकॅनिक बापूंनी दांडी काढली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दांडीकडे पाहिलं.

"सायेब, ऑइल कुनी बदललं?"

"मी स्वतः! वीस-पन्नास!" मी छाती काढून म्हणालो.

"ग्रेड झ्याक हाय. जुनं कशात काढलं?"

"काढलं... म्हणजे?"

पैठणी सावरत, मांडीवर साखरपुड्याचं ताट धरून बसलेली सुषमा अगदी सावकाश म्हणाली, "तरीच परात चकचकीत होती!"

बापूंनी खालचा नट सोडला. काळं ऑइल डबाभर आलं, मग आणखी डबाभर! शेवटी गाडी पूर्ण रिकामी करून त्यांनी मापात नवं भरलं. धूर थांबला.

"वैनी, गाडी लय सोशिक हाय. दुसरी असती तर कवाच बसली असती."

मी भंगाराच्या निकालाची वाट पाहत होतो.

"व्हॅन राहील," सुषमा म्हणाली. "तिचा काही दोष नाही. किल्ली इकडे द्या. तुम्ही ताट घेऊन मागे बसा."

घाट तिनं एका दमात चढवला. साखरपुड्यालाही वेळेवर पोचलो. आता कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. जेवणाच्या पंगतीत मी खुशीत मठ्ठ्याचा जग उचलला आणि वाढायला लागलो, तोच मांडवाच्या पलीकडच्या टोकावरून प्रश्न आला.

"अहो! आधीचा ग्लास रिकामा झालाय का, बघितलंत?"

बघितलं नव्हतं. आता व्याह्यांच्या मांडीवर ओघळणाऱ्या मठ्ठ्यात बघितलं.