गैरहजर लिहिलेली माणसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे परक्या मुलखातल्या मेलेल्या माणसांची यादी. ती लिहीत होती आणि मी शेजारी बसून तिच्या चुका काढत होतो. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझं काम बहुतेक हेच होतं.

अमेरिकेत श्रूजबरीला मुलाच्या घरी येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. भिंतीला भिंत लागून एक म्हातारे इराणी राहायचे, एकटेच. आम्ही त्यांना आगा म्हणायचो. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही मोडकं. पण मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि हवालदार होऊन सुटलो. आमच्या ठाण्यातले निम्मे शब्द त्यांच्याच मुलखातून आलेले निघाले. हुकूम, जप्त, कागद, बंदोबस्त, गैरहजर. मी एक शब्द टाकायचा, त्यांनी मान हलवायची. सातवी पास माणसाचं तेवढ्यावर भागतं. हिला ते खानुम म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब. ही त्यांना भाऊ म्हणायची आणि मराठीतच बोलायची, जरा मोठ्यानं. मोठ्यानं बोललं की समोरच्याला कळतं, असा हिचा समज होता.

एकदा दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि ही मेथी निवडत होती. मी दंगलीनंतरच्या बंदोबस्ताच्या बढाया मारत होतो. आगा म्हणाले, मीही केलाय.

एकोणीस वर्षांचे होते ते. त्यांच्या देशातल्या एका डोंगरी प्रांतात लोकांनी बंड केलं आणि ते फसलं. फौज आली, गोळ्या घालून निघून गेली. मागाहून सगळं जागेवर आणायला एक अधिकारी पाठवला, आणि आगा त्याचे कारकून. गावोगाव टेबल मांडायचं. बंदुका जमा करून घ्यायच्या, दुकानदारांना दुकानं उघडायला लावायची, भट्टीवाल्याला पाव भाजायला बसवायचं. मग घराघरातली माणसं रजिस्टरात नोंदवायची. त्यात हुकूम असा, की गोळीनं मेलेल्याच्या पुढं मेला लिहायचं नाही. गैरहजर लिहायचं. मेले लिहिलं तर किती मारले ते राजधानीत कळणार.

गैरहजर माणसाची जमीन पोरांच्या नावावर होत नाही. त्याच्या बायकोला विधवाही म्हणता येत नाही. एक बाई रोज टेबलापाशी येऊन उभी राहायची. म्हणायची, माझा नवरा मेलाय, मी माझ्या हातानं पुरलाय, मेला लिही. आगांनी गैरहजर लिहिलं. अकरा दिवस ती आली. बाराव्या दिवशी टेबल पुढच्या गावाला हललं.

मी म्हणालो, "हुकूम होता. तुम्ही काय करणार?"

हे मी त्यांच्यासाठी बोललो नाही. साहेबांनी सांगितलेलं मीही ठाण्याच्या डायरीत लिहिलंय. काय लिहिलंय ते कोणी विचारू नये.

हिनं विचारलं, "काय म्हणाले भाऊ?" मी सगळं सांगितलं. मेथीची काडी मोडत म्हणाली, "मग आता लिहा म्हणावं."

"कशात लिहा? ते रजिस्टर राहिलंय का आता?"

"रजिस्टर कशाला पाहिजे? नातीची कोरी वही पडलीय की."

मी तिचं बोलणं आगांना सांगितलं. ते आधी हसले. मग उठून चपला न घालताच घरी गेले.

"दुखावलंस त्यांना," मी म्हणालो.

"दुखायलाच पाहिजे," ही म्हणाली आणि त्यांच्या चपला नेऊन दाराशी ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी तीनला आगा आले. दाढी केलेली, अंगात कोट. म्हणाले, शनिवारी टेक्सासला अर्विंगला मुलीकडं जातोय, कायमचा. डॉक्टर म्हणतात, डोकं रिकामं होत चाललंय. ते रिकामं व्हायच्या आत लिहा.

हिची चौथी झालेली, पण अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं. आगा डोळे मिटून नाव सांगायचे, मी ते दोनदा म्हणायचो, ही लिहायची. पाच नावं झाल्यावर मी वहीत डोकावलो. प्रत्येक नावाच्या आधी हिनं 'कै.' लावलेलं.

"अगं, ते मुसलमान! त्यांना कैलासाला कुठं पाठवतेस?"

"मग कुठं पाठवू? मेलेल्या माणसाचं नाव नुसतं लिहायचं? आपल्यात लिहितात का?"

"आपल्यात. ते आपल्यातले आहेत का?"

"मग तुम्ही सांगा त्यांच्यात काय लिहितात."

मला कुठं माहीत होतं? आमची चाललेली बाचाबाची ऐकून आगांनी डोळे उघडले आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. हे काय? मी मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून दाखवलं. मुर्दा, म्हणालो. त्यांनी प्रत्येक नावाच्या आधी ते अक्षर आहे का, ते बोटानं तपासलं. पाची ठिकाणी होतं. म्हणाले, राहू दे. सगळ्यांना लाव.

चौदा नावं झाल्यावर ते दमले. अजून आहेत, म्हणाले. उद्या नऊला यायचं ठरलं. ते गेल्यावर ही मला म्हणाली, "उद्या त्यांना काहीतरी गरम खायला घालू. उपाशी नावं सांगत होते बिचारे."

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला ड्रायरमधले कपडे घेऊन जिना चढताना ही मधल्या पायरीवर बसली. मी खालून विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, थांबा." त्यानंतर ती काही बोलली नाही. अँब्युलन्स लगेच आली, पण उपयोग झाला नाही. यापुढं मी त्या संध्याकाळचं लिहिणार नाही.

सकाळी घरात फोन वाजत होते. इथं दहनाला दिवस लागतात, तारीख मिळावी लागते. मुलगा तेच ठरवत होता. मी आंघोळ केली, वही घेतली आणि चपला घालायला लागलो.

"बाबा, कुठं निघालात?"

"शेजारी."

"आज? अहो, सुतक आहे आपल्याला."

"त्यांच्याकडं पाण्याचा थेंब घेणार नाही. मग झालं?"

"पण लोक येतायत भेटायला. मी काय सांगू त्यांना?"

"बसव त्यांना. सांग, म्हातारा आहे अजून, येतोय."

तो चिडला. सुनेनं त्याचा दंड धरला. "जाऊ दे रे त्यांना," म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं मला दार उघडून दिलं.

आगांच्या घरात खोकीच खोकी. अँब्युलन्स त्यांनी खिडकीतून पाहिलीच होती. मला मिठी मारून रडायला लागले. मी त्यांना थोडा वेळ रडू दिलं.

"आज नको," ते म्हणाले. "आज नको, बरादर."

"उद्या तुम्ही विमानात," मी म्हणालो. "आज नाही तर कधी? रडायला मला पुढं भरपूर दिवस आहेत. बसा."

एका खोक्यावर ते बसले, दुसऱ्यावर वही ठेवली. माझं अक्षर वेडंवाकडं. जोडाक्षर आलं की अडत होतो, आणि त्यांच्या नावांत जोडाक्षरं फार. आता अडलं तर विचारायला शेजारी कोणी नव्हतं. जसं जमलं तसं लिहिलं. मागच्या पानावर हिनं 'कै.' जिथं लावलं होतं, तिथंच मीही लावत गेलो. आणखी आठ नावं झाली.

मग आगा थांबले. त्या बाईच्या नवऱ्याचं नाव काही केल्या आठवेना. तिचा चेहरा आठवत होता, टेबलाच्या कडेवर ठेवलेला हात आठवत होता, पुलाजवळचं घर आठवत होतं. नाव गेलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. मी त्यांचे हात धरले.

"जागा सोडा," म्हणाले. "आठवलं तर भरीन."

"रिकामी ओळ सोडायची नसते," मी म्हणालो. "मागाहून कोणीही त्यात काहीही भरतो. ते तुम्हालाही माहितीय, मलाही माहितीय."

मी लिहिलं: पुलाजवळच्या घरातली बाई, अकरा दिवस टेबलापाशी उभी राहिली, तिचा नवरा. नाव आठवत नाही. गोळी लागून मेला. बायकोनं स्वतः पुरला.

वाचून दाखवलं, मग मोडक्या इंग्रजीत समजावलं. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"दुरुस्त," ते म्हणाले.

मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि ओळीखाली सही करायला लावली. त्यांनी उजवीकडून डावीकडं सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. तिच्याखाली साक्षीदार म्हणून मी केली आणि वेळ टाकली, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. वही त्यांच्या कोटाच्या खिशात मावेना, म्हणून विमानात न्यायच्या बॅगेत वरच ठेवली. मग घरी लोक येऊन बसले होते, त्यांना भेटायला गेलो.